तोरणमाळला तिसरा होकार

घोडा म्हणतो, उतर रे भाऊ.

फिनलंड: होकार.

जब्बारभाईंनी पत्र्याच्या पेटीवर हातोडा उगारला, मुलीच्या खोलीकडे पाहिलं आणि परत खाली ठेवला.

धानोऱ्यात जमनाबाईंच्या अंगणात उडदाचे पापड, एकमेकांपासून लांब, रुसल्यासारखे.

शिंक.

ब्राझील: होकार. शिवाय एक शंका. घोडा बरा आहे ना?

वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तूप वेगळं.

शिंक, शिंक.

मुळासकट पुसायचं का? हो. नक्की का?

*

नंदुरबारात मिरच्या वाळायला पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानात, पडल्या की जवळची घरं दिवसभर शिंकतात. आफशीन लॅपटॉपवर ओढणी टाकून, ओढणीखाली स्वतः शिरून शिंकत होती आणि मधूनमधून हसत होती, कारण आज तिची आवृत्ती बाहेर पडायची होती.

कोठी हे सॉफ्टवेअर. नाव मराठी, वापरणारे जगभर. वाचनालयं, संग्रहालयं आपापले फोटो, आवाज, कागद त्यात भरून ठेवतात. फुकट आहे, आतलं यंत्र सगळ्यांना उघडून बघता येतं, बिघडलं तर कुणीही दुरुस्त करून पाठवावं. दर नव्या आवृत्तीची जबाबदारी एकाकडे जाते आणि नाव ठेवायचा मान त्याचाच. या वेळी मान आफशीनचा. तिने नाव ठेवलं: तोरणमाळ. घाट चढताना कान बंद होतात, वर पोचल्यावर एकदम उघडतात आणि माणसाला उगीच गावंसं वाटतं, म्हणून.

नियम एकच कडक. आवृत्ती जगात सोडण्याआधी तिघा जुन्या सभासदांनी ती स्वतःच्या मशीनवर चालवून होकार द्यायचा. तोही संध्याकाळी सहाच्या आत. नाही मिळाले तीन, तर आवृत्ती बाद, जबाबदारी दुसऱ्याकडे आणि ते नाव पुन्हा कुणी वापरायचं नाही. तोरणमाळ कायमचं खाली.

दोन होकार आले होते. तिसरा सभासद तीन गल्ल्या पलीकडे राहत होता.

"अब्बा, ठोका आता. भाग्येशचाच राहिलाय. तो देईल."

जब्बारभाई लग्नाच्या पेट्या बनवतात. ते म्हणाले, "इतनी मेहनत से पेटी बनाई, मुफ्त में बाँट रही. कुंडी तो लगाई?"

"कुंडी आहे. उघडायची कशी तेही लिहून दिलंय."

"वा," जब्बारभाई म्हणाले आणि ठोकायला लागले.

ठक. ठक. टिंग.

टिंग लॅपटॉपची. भाग्येशचं उत्तर.

नकार. कारण: घोडा.

*

कोठी रिकामी असली तर तिच्यात बघणार काय? म्हणून आवृत्ती पाठवताना सोबत नमुन्याचा माल देतात. मागच्या वेळी फिनलंडवाल्याने अळंब्यांचे फोटो दिले होते. आफशीनने दिलं लग्न. स्वप्नालीचं. स्वप्नाली तिची शाळेपासूनची मैत्रीण, भाग्येश कॉलेजातला मित्र, स्थळ जुळवलं आफशीननेच. त्या लग्नातले फोटो, पंगतीतलं वाढप, आणि नवरीकडच्या बायकांची नवरदेवाला शिव्या देणारी गाणी.

आफशीनच्या मते लग्नातल्या शिव्या म्हणजे लग्नातली वांग्याची भाजी. नसली तर लग्नाला गेल्यासारखं वाटत नाही. शिवाय नमुन्याला इंग्रजी अर्थ जोडावा असा नियम होता. तिने प्रामाणिकपणे जोडला. गाणाऱ्या जमनाबाईंच्या खणखणीत आवाजाखाली सगळ्या जगाला वाचता येईल असा:

*भाग्येशराव बसना घोडावर, बसना व माय,*
*घोडा म्हणस, उतर रे भाऊ, मन्हा मोडना पाय.*

*

आफशीन गाडीवरून उतरली तेव्हा दार स्वप्नालीने उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरच्यांचं नव्हतं.

"ये. तो आत बसलाय. पोहे दिले तर म्हणे, पोह्यांनी वजन वाढतं." एवढं बोलून ती भिंतीला टेकून परत हसायला लागली.

"तू हसू नको," भाग्येश आतून म्हणाला. "आफशीन, माझ्या कंपनीत कोठी वापरतात, तपासणीची प्रतही आधीच उघडून बघतात. आज सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने सगळ्यांसमोर मला विचारलं, पाय कसा आहे. मी म्हटलं कुणाचा. तर म्हणे, घोड्याचा."

"पण आवृत्ती चालली का तुझ्याकडे?"

"उत्तम चालली. तोच तर त्रास आहे. आवाज किती स्वच्छ येतो."

"मग गाणं काढते मी. नमुन्याचा माल वेगळाच असतो, केव्हाही बदलता येतो."

"काढून काय उपयोग? कोठी काही विसरते का? जुनी प्रत मागे राहतेच."

आफशीनने लॅपटॉप उघडायला घेतला. मग तिचा चेहरा असा उजळला की स्वप्नालीने हसणं थांबवलं.

"भाग्येश, तोरणमाळमध्ये नवीन काय आहे?"

तो सभासद होता. त्याला पाठ होतं. "मुळासकट पुसणे. सगळ्या जुन्या प्रतींसह."

"खऱ्या मालावर अजून कुणी करून पाहिलंय?"

"नाही."

"चल मग. तुझ्याच घोड्यावर करू. पुसला गेला तर होकार देशील?"

"पुसला गेला तर देईन." मग त्याला पुढचं आठवलं. "त्याला मालकाची परवानगी लागते. मालक म्हणून कुणाचं नाव लिहिलंयस?"

"गाणं ज्यांचं त्यांचंच. जमनाबाईंचं."

स्वप्नाली चप्पल घालायला धावली. "फुईकडे? मीपण येते."

*

गाडी एक, माणसं तीन, लॅपटॉप मधे. धानोऱ्याच्या रस्त्यावर भाग्येश दोघींच्या मागे उलटं तोंड करून बसला होता, म्हणजे ओळखीचं कुणी भेटलं तर आधी पाठ दिसावी.

ओळखीचे सगळे मागून आले.

"काय जवाईबापू, कोठे चालनात?"

"फुईकडे," स्वप्नाली ओरडून सांगायची. "घोडा पुसायला."

जमनाबाई म्हणजे स्वप्नालीच्या वडिलांची बहीण. पंचक्रोशीतल्या निम्म्या नवरदेवांना त्यांनी रडवलं आहे. त्या पापड उलटत होत्या. आफशीनने गडबडीत सगळं सांगितलं: कोठी, नमुना, सहा वाजता, परवानगी. जमनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मन्हं गानं सातासमुद्रापार गये?"

"हो फुई."

"तठला लोक हासनात का?"

"ब्राझीलवाल्याने घोड्याची तब्येत विचारली."

जमनाबाईंनी पदराने ओठ झाकले. मग भाग्येशकडे वळून फार गंभीरपणे म्हणाल्या, "जवाईबापू, तुम्हले वाईट वाटनं?"

"थोडं," भाग्येश म्हणाला.

"मंग पुसा. गानं काय तुम्हना डबामा ऱ्हास का? मन्हा तोंडमा शे."

त्यांच्या बोटाला पापडाचं पीठ होतं. त्यांनी ते तसंच ठेवून बटण दाबलं.

मुळासकट पुसायचं का? हो.

नक्की का?

"कितला येळ इचारस हाऊ," जमनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा दाबलं.

आफशीनने शोधलं. भाग्येशने शोधलं. जुन्या प्रतींत पाहिलं, त्याहून जुन्यांत पाहिलं. घोडा नव्हता. पाय नव्हता. पंगत होती, वाढपी होते, वांग्याची भाजी होती, आणि त्यांच्यामधे एक स्वच्छ, रिकामी, पांढरी जागा.

"चाललं," आफशीन हळूच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. मग पापडांच्या मधून वाट काढत अंगणाला एक फेरी मारून आली.

भाग्येश त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसला. "फारच साफ झालं," तो म्हणाला. "लग्नाला कुणी आलंच नव्हतं असं वाटतंय."

"तूच म्हणालास पुस," आफशीन म्हणाली.

"म्हणालो ना. आता नुसतं वाढप दिसतंय."

जमनाबाईंनी हात झटकले. "आते जागा रिकामी शे ना? स्वप्ना, मोबाइल धर."

"फुई, नको," भाग्येश म्हणाला. पण नको म्हणताना तो सरसावून बसला होता.

*जवाई ऊना धानोराले, गानं पुसाले व माय,*
*घोडा म्हणस, थांब रे भाऊ, माले बी पुसशी काय?*

पुढे आणखी चार कडवी होती. एकात लॅपटॉप होता, एकात उलटं बसून येणं होतं. शेजारच्या दोघी कुंपणावरून साथीला आल्या. तिसऱ्या कडव्याला भाग्येश पापडांवर कोसळणारच होता, हसून. स्वप्नालीने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं.

आफशीनने गाणं पांढऱ्या जागेत ठेवलं. मालक: जमनाबाई.

"हे पुसायचं झालं तर?" तिने विचारलं.

"आते 'नही' म्हणसू मी," जमनाबाई म्हणाल्या आणि पापडांकडे गेल्या.

"याचा इंग्रजी अर्थ मी लिहितो," भाग्येश म्हणाला. "तू फार सौम्य लिहितेस."

"आधी होकार. सहा वाजत आलेत."

अंगणात नेटवर्क एकाच कोपऱ्यात होतं, पाण्याच्या टाकीवर. भाग्येश चढला. टाकीवर उभं राहून, एका हाताने लॅपटॉप धरून, एका बोटाने त्याने लिहिलं, आणि खाली तिघींनी माना वर करून पाहिलं.

होकार. घोडा बरा आहे.

"उतर रे भाऊ," स्वप्नाली म्हणाली.

तोरणमाळ गेली. फिनलंडला गेली, ब्राझीलला गेली, पथारीजवळच्या एका दुकानातही पोचली, तिथे जब्बारभाईंनी हातोडा ठेवून मोबाइलवर गाणं दोनदा ऐकलं, शिंकले, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "मेरी बेटी ने बनाई. मुफ्त है, ले जाओ."

लग्नाच्या दिवशी घोडा मिळालाच नव्हता. भाग्येश जीपमधून आला होता.