पश्चिमेचं दार आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या पोच्यांकडे बघू नका. ते बुटांचे आहेत. अमेरिकेत दक्षिण डकोटाच्या माळावर लकोटा या मूळनिवासी लोकांचं छोटं कॉलेज आहे, त्याच्या पत्र्याच्या ग्रंथालयातला मी जुना गॅस हीटर. नवा होतो तेव्हा मुलं माझ्याभोवती हात शेकत अभ्यास करायची, माझं कौतुक करायची. आता जरा धापा टाकत पेटलो की लाथ बसते! दोष माझा आहे का? दार पश्चिमेला. ते उघडलं की माळावरचा वारा थेट आत आणि माझी सगळी ऊब बाहेर.

ग्रंथपाल शँटेल आपल्या तान्ह्या मेसनला कोट-टोपीसकट माझ्याजवळ ठेवून काम करते. सारखी त्याची बोटं चाचपते. गार लागली की माझ्याकडे अशी बघते, की पेटलेला असूनही मी ओशाळतो. यंदा नव्या ग्रंथालयासाठी अनुदान मिळायचं होतं. जाड भिंती, दक्षिणेला मोठ्या खिडक्या, जमिनीखालची ऊब. माझी गरजच संपणार, म्हणून मी खूश होतो. अट एकच: शुक्रवारपर्यंत वडीलधाऱ्यांना पसंत असलेला आराखडा पाठवायचा. नाहीतर पैसे दुसऱ्या कॉलेजला जाणार.

आराखडा करणारा कीथ शहरातून आला आणि माझ्यासमोरच वडीलधाऱ्यांची बैठक भरली. त्याने दार पुन्हा पश्चिमेलाच काढलं होतं, कारण गाड्या तिकडे लागतात.

"कुणाची हरकत?"

सगळे गप्प.

"छान! सगळ्यांना मान्य," म्हणत तो गेला.

त्याची गाडी वळते न वळते तोच वडीलधाऱ्यांतल्या लावर्नआजी म्हणाल्या, "पश्चिमेला दार? आपल्या तंबूचं तोंड कधी तिकडे होतं का गं? ते उगवतीलाच हवं."

"आजी, मग मघाशी तोंडात काय होतं?" शँटेलने विचारलं.

"तुझी तळलेली रोटी. अजून चावतेय."

सगळे खो-खो हसले. शँटेल सोडून.

"पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?" आजी म्हणाल्या. "आम्ही गप्प बसलो ना? त्यातच समजायचं."

पुढच्या बैठकीतही हाच तमाशा. वैताग नुसता! मला हात असते तर कपाळ बडवून घेतलं असतं.

गुरुवारी कीथ शेवटची चित्रं घेऊन आला. शँटेलने मेसनला आजींच्या शालीत दिलं, कीथला मानाची खुर्ची दिली, अगदी दाराशी, आणि दार सताड उघडून ते मिटू नये म्हणून वीट लावली. वारा घुसला. चित्रं उडाली. कीथच्या वाटीतलं सूप गार पडलं. मी जीव खाऊन पेटत होतो.

"कुणाची हरकत?" शँटेलने विचारलं.

कीथ बिचारा कुडकुडत, संकोचून गप्प.

"छान! सगळ्यांना मान्य."

आजींना हसू आवरेना. "बोल की बाळा! तुझी जीभ गोठली का?"

कीथ आधी लाल झाला, मग हसला. "दार कुठे हवं?" त्याने विचारलं आणि या वेळी तो थांबला. बराच वेळ थांबला. मग एकेक जण बोलू लागला.

शुक्रवारी आराखडा गेला, पूर्वेच्या दारासकट. पुढे मंजुरीही आली. बाहेर पाया खणताहेत.

मित्रांनो, कुणासाठी काही बांधाल तर त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. मला खुशाल भंगारात काढा. पण नव्या भिंती उभ्या राहीपर्यंत एवढं करा: लाथा आवरा, माझी जाळी पुसा, आणि तान्हं लेकरू आत आहे, ते दार लावा!