एकशे चौदा अंशांवरचे दार

मी एक जुना पितळी कंपास आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या कंपासपेटीशी माझे काही नाते नाही. माझ्या पोटात पेन्सिल नाही की खोडरबर नाही. एक चुंबकाची सुई आहे आणि तिच्यावर अंशांचे आकडे लिहिलेली गोल तबकडी आहे. जमीन मोजणारी माणसे मला डोळ्याशी धरतात, फटीतून समोर पाहतात आणि दिशेचा आकडा वाचतात. जरा धक्का लागला की मी थरथरतो आणि बऱ्याच वेळाने शांत होतो. लोकांना त्यात माझी नजाकत दिसते. खरे सांगायचे तर मी जन्माचा भित्रा आहे.

ज्या कारागिराने माझी सुई टोकावर बसवली तो काम करताना श्वास रोखून धरी. फुंकर लागली तरी सुई खाली पडायची. त्याच्या त्या धरलेल्या श्वासातूनच माझ्यात भीती आली असावी. पुढे कातड्याच्या पिशवीत बसून मी तंजावूरला आलो आणि सर्वेअर रघुपतीरावांच्या हाती पडलो. घरात मराठी आणि शेतावर तमिळ बोलणारा हा उंच, अबोल माणूस. चौतीस वर्षे आम्ही दोघे कावेरीच्या पाण्यावरच्या गावांतून हिंडलो. भाताची खाचरे, नारळीच्या बागा, कालव्यांचे काठ, सगळे मोजले. दोन भाऊ बांधावरून कोयते घेऊन उभे असत आणि मधे मी थरथरत असे. मी आकडा दाखवला की कोयते खाली होत. इकडे 'सर'चे 'सार' होते. 'रघुपती सारचा कंपास खोटं बोलत नाही' असे लोक म्हणत, तेव्हा पितळेचा असून मला सोन्याचा झाल्यासारखे वाटे.

पण मी खोटे बोलतो, मित्रांनो. लोखंड जवळ आले की बोलतो. माझी सुई त्याच्याकडे ओढली जाते आणि मला काही करता येत नाही. रघुपतीरावांना हे ठाऊक होते. मला डोळ्याशी धरण्याआधी ते किल्ल्या काढून ठेवत, सायकल वीस पावले दूर लावायला सांगत. शिवाय एका टोकावरून आकडा वाचला की दुसऱ्या टोकाला जाऊन उलट वाचत. दोन्ही आकड्यांत बरोबर अर्ध्या वर्तुळाचा फरक पडला तरच वहीत लिहीत. उलट वाचन न घेणाऱ्या हाताखालच्या माणसांना ते असे झापत की माझी तबकडीच दचकत असे.

मग ते निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. फोनमध्येच दिशा दिसू लागल्यावर मला विचारतो कोण? सात वर्षे मी अंधारात राहिलो. हिरवा गंज चढला. माझी काही तक्रार नव्हती. खणात कुणी काही विचारत नाही, म्हणजे चुकण्याचीही भीती नाही.

त्या सात वर्षांत रघुपतीरावांच्या पत्नीला, भवानीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. त्या वाचल्या, पण डावा पाय अडू लागला. राजवाड्यामागच्या गल्लीत ते वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. जिना बावीस पायऱ्यांचा. दोन वर्षे त्या खाली उतरल्याच नाहीत. रोज चाला, नाहीतर पाय कायमचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून मुलाने, मुरलीने, गावाबाहेर कालव्याकाठी जागा घेतली. बैठे घर बांधायचे, आईला दारातून सरळ रस्त्यावर जाता आले पाहिजे, एवढाच हेतू.

जागा कालव्याच्या वळणाला धरून तिरपी बसली होती. समोर सपाट रस्ता, एका बाजूला कालवा. राममूर्ती जोस्यर आले. इकडे ज्योतिषाला जोस्यर म्हणतात. त्यांनी जागेभोवती फिरून सांगितले की रस्त्याची बाजू एकशे बारा अंशांच्या आत असेल तर ती पूर्व, दार बेलाशक ठेवा. त्यापुढे गेली तर ती आग्नेय, अग्नीची दिशा. तिथे दार ठेवले तर घरची बाई वर्ष काढणार नाही. तसे असेल तर दार कालव्याकडे ठेवा, ती बाजू ईशान्येत पडते, उत्तम.

मुरलीने जिन्यावरून उचलून आणलेली घरची बाई तिथेच खुर्चीवर बसली होती. रघुपतीरावांचा चेहरा पांढराफटक पडला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसे झाले. मुरलीने खिशातला फोन काढला, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मला आणवले.

सात वर्षांनी मी उजेड पाहिला. त्यांनी मला जागेच्या मागच्या टोकाला एका स्टुलावर ठेवले. स्टुलाशेजारीच निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी रचून ठेवले होते. मला ते दिसत नव्हते, पण माझी सुई खेचली जात होती. लोखंड! पायाच्या बीमसाठी आणलेल्या सळ्या! मी ओरडणार कसा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रघुपतीराव फटीतून रस्त्याकडे पाहत होते आणि माझी तबकडी सरकत सरकत एकशे सव्वीसवर थांबली.

दुसऱ्या टोकाला जा, मी मनात म्हणत होतो. उलट वाचा. आयुष्यभर वाचलेत, आज का नाही? पण त्यांनी एकशे सव्वीस पाहिला आणि ते जागचे हलले नाहीत. एकदा भीती खरी ठरली की माणूस ती तपासून पाहत नाही, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी माझे झाकण मिटले आणि सांगितले, दार कालव्याकडे.

दहा दिवसांनी वासक्काल बसवायचा मुहूर्त ठरला. वासक्काल म्हणजे दाराची चौकट. इकडे भिंती उठण्याआधी तिची पूजा करतात, उंबऱ्याखाली नवधान्य घालतात आणि मगच ती उभी करतात. एकदा उभी केलेली चौकट कुणी हलवत नाही. ते दहा दिवस मी रघुपतीरावांच्या खिशात होतो आणि खिशातच मरत होतो. माझ्या एका खोट्या आकड्यावर एक घर उभे राहणार होते.

आठव्या दिवशी भवानीबाई दाराची जागा पाहायला गेल्या. कालव्याचा काठ जेमतेम तीन फूट रुंद, आणि नुकतेच पाणी सोडलेले. त्यांची काठी ओल्या मातीत घसरली. मुरलीने दंड धरला म्हणून बरे, पण पायातली चप्पल गेली. तपकिरी पाण्यात ती दोनदा उलटली आणि दिसेनाशी झाली. भवानीबाई चिखलातच बसल्या. रघुपतीराव धावत आले तेव्हा मी त्यांच्या छातीवर आपटत होतो, आणि आतून त्यांचे काळीज माझ्यावर आपटत होते.

"मज मराचंच असेल तर तुमची आग्नेय नोको," भवानीबाई म्हणाल्या. "हे पाणी पुरे."

रघुपतीरावांनी त्यांना हात देऊन उठवले. पण दाराची जागा बदलली नाही. भीती दोन्हीकडे होती, आणि त्यांनी जोस्यरांनी सांगितलेली धरून ठेवली.

मुहूर्ताची सकाळ उजाडली. हळदकुंकू लावलेली चौकट जमिनीवर आडवी होती. भटजी आणि जोस्यर बसले होते, मेस्त्री सिमेंट कालवून तयार होता. नऊ वाजेपर्यंतच वेळ चांगली होती. रघुपतीराव जागेच्या मागच्या टोकाकडे सहज गेले आणि थबकले. पायाच्या बीममध्ये सळ्या वापरून संपल्या होत्या, ताडपत्री उचललेली होती. स्टूल मात्र तिथेच होते, आणि त्याला लागून वाळूवर गंजाच्या लांब तांबड्या रेघा उमटल्या होत्या.

त्या दिवशी ताडपत्रीखाली सळ्या होत्या, हे त्यांना आता कळले. मग त्यांनी खिशातून किल्ल्या काढून मुरलीच्या हातात दिल्या. मनगटावरचे घड्याळ काढले. मुरली म्हणाला, अप्पा, वेळ जाते आहे. त्यांनी ऐकले नाही.

मागच्या टोकावरून त्यांनी मला डोळ्याशी धरले. सुई मोकळी होती. मी माझ्या सगळ्या शक्तीनिशी स्थिर झालो. मग ते रस्त्याच्या टोकाला गेले आणि उलटे वाचले. फरक बरोबर अर्ध्या वर्तुळाचा होता. मी खरे बोललो होतो. आणि तेव्हा मला आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती वाटली, कारण आकडा होता एकशे चौदा.

मर्यादेच्या पुढे. दोनच अंश.

मुरलीने मागून वाकून तो पाहिला. "अप्पा, बारा म्हणा," तो हळूच म्हणाला. "दोन अंश कुणास दिसतात?"

रघुपतीरावांचे ओठ हलले. त्यांनी बारा म्हटले असते तर सगळे सुखाने जेवले असते. मीही गप्प बसलो असतो, तसाही मी गप्पच असतो. पण ते भवानीबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. "एकशे चौदा आहे," ते म्हणाले. "आग्नेयच. त्या दिवशी मी उलट वाचन घेतलं नाही. घाबरलो."

भवानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "चौदा तर चौदा. रस्त्याकडं ठेवा."

"तुला भ्या वाटत नाही?"

"वाटत्ये. पण रस्त्याकडं दार असलं तर भीत भीत चालता तरी येतं."

नऊला सात मिनिटे कमी असताना चौकट रस्त्याकडे उभी राहिली. जोस्यर मान हलवत निघून गेले. जाताना शिव्याशाप दिले नाहीत, नुसते म्हणाले, एक वर्ष जाऊ द्या. त्या शब्दांनी सगळ्यांच्या जेवणातली चव गेली.

मित्रांनो, त्याला आता अकरा महिने झाले. तुम्हांला माझे सांगणे एवढेच आहे की मला आणि माझ्या भावंडांना लोखंडाजवळ ठेवू नका, आमच्यावर हिरवा गंज चढू देऊ नका, आणि मोठी गोष्ट ठरवायची असेल तर एका टोकावरून पाहून झाकण मिटू नका. घाबरला असाल तर मुळीच मिटू नका. मी दिशा सांगू शकतो. त्या दिशेत काय वाढून ठेवले आहे ते मला दिसत नाही. जोस्यरांना दिसते की नाही, हेही मला ठाऊक नाही.

भवानीबाई रोज सकाळी सातला एकट्या बाहेर पडतात. कुणी सोबत आलेले त्यांना चालत नाही. रस्त्याने वळणापलीकडच्या देवळापर्यंत जाऊन परत येतात. त्या येईपर्यंत रघुपतीराव उंबऱ्याच्या आत उभे असतात आणि मी त्यांच्या वरच्या खिशात. या वेळी ते त्या खिशात किल्ल्या ठेवत नाहीत.

आत्ताही आम्ही तसेच उभे आहोत. भवानीबाई वळणाआड गेल्या आहेत. तेव्हा मित्रांनो, थोडा वेळ कुणी बोलू नका. आम्हांला काठी ऐकायची आहे.