अकरावं आवर्तन

चंद्रमौळीचं अकरावं आवर्तन अजून चालूच होतं, आणि शर्यतीच्या शेवटाची चुन्याची रेघ पुढच्या चाकाखालून निघून गेली. मारुतीच्या स्तोत्राच्या चार ओळी तोंडातच राहिल्या. ब्रेक दाबायचंही त्याला भान राहिलं नाही. गिंडीच्या त्या रस्त्यावर तो आणखी फर्लांगभर तसाच गेला आणि एका चिंचेखाली सायकलीवर ओणवा होऊन लहान पोरासारखा हसत सुटला.

हसण्यासारखंच होतं. शर्यत एकेकट्याची, घड्याळाशी. वंडलूरच्या अलीकडे वळसा घालून परत यायचं, जाऊन-येऊन पंचवीस मैल. दुसरे अंदाजाने पाय मारत, चंद्रमौळी स्तोत्रावर मारायचा. ही युक्ती त्याच्या थोरल्या भावाची, बाळकृष्णरावांची. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. पेडलच्या ठेक्यावर म्हटलं की एक आवर्तन बरोबर सहा मिनिटांचं. अकरा झाली की एक तास सहा मिनिटं. नऊ वर्षांपूर्वी अण्णानेच सायकलीच्या मागे धावत धावत त्याला हे शिकवलं होतं. तेव्हापासून मौळी फेरी मारून आला की अण्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. पाणी नंतर, टॉवेल नंतर, आधी "कितीं झालीं रे?"

आज अकरावं पुरंच झालं नव्हतं. एक तास सात मिनिटांच्या आत येणारा दिल्लीला, राष्ट्रीय शर्यतीला जाणार होता. चंद्रमौळी विमा कचेरीतला साधा कारकून, वय एकोणतीस, पुढच्या वर्षी पायांचा भरवसा कुणी द्यावा? त्याची बायको अंबुजा मोठी आशावादी. मद्रासेत जन्म गेलेली ती बाई शेजारच्या मिलिटरीतल्या पेन्शनरांकडून दिल्लीच्या थंडीसाठी लोकरीचा स्वेटर मागून आणून, घडी घालून बसली होती.

तो रेघेजवळच्या टेबलाशी परत आला तेव्हा सायकल क्लबाचे सेक्रेटरी रामस्वामी वही वाचत होते. "चंद्रमौळी राव. एक तास, सात मिनिटं, चाळीस सेकंद."

चंद्रमौळीला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी वाचताहेत.

क्लबाकडे स्टॉपवॉच एकच होतं आणि ते धरायचा मान अण्णाचा. अण्णा सख्ख्या बापालाही एक सेकंद फुकट द्यायचा नाही, असं सगळे म्हणत. म्हणूनच तर भावाच्या शर्यतीतही घड्याळ त्याच्याच हातात होतं आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नव्हत्या.

"अण्णा, घड्याळ मज दाखीव की," चंद्रमौळी म्हणाला.

"बटन दाबून गेलं रे. काटा परत गेला," अण्णा वहीकडे बघत म्हणाला. "अस्कं, सगळं लिहून झालं."

रामस्वामींनी चष्मा वर केला आणि तमिळमध्ये विचारलं, "तक्रार आहे का? असेल तर आत्ताच लिहून दे."

तक्रार कुणावर लिहायची? बाप गेल्यावर ज्याने शिकवलं, लग्न लावून दिलं, स्वतःची सायकल हातात दिली, त्याच्यावर? आणि साक्षीला कोण, तर मारुती!

"इल्लै सार," चंद्रमौळी नाही म्हणाला.

सैदापेटच्या पुलापर्यंत त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला. तोंड मंदावलं असेल, एखादं आवर्तन मोजायचं राहिलं असेल. पण माउंट रोडला लागला आणि त्याला ते पटेना. दमलेल्या माणसाचे शब्द लांबतात, पण त्याचे शब्द पेडलला बांधलेले होते. वाऱ्यावर, चढावरही त्याचं आवर्तन सहा मिनिटांचंच राही, दोन-चार सेकंदांहून जास्त कधी लांबलं नव्हतं. आणि एखादं मोजायचं राहणं शक्य नव्हतं. दर आवर्तनाला तो डाव्या मुठीचं एक बोट हलवून घेत असे, तेही अण्णानेच शिकवलेलं.

पुढचा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःचीच शरम वाटली. क्लबाच्या खोलीत एक काळी फळी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: बी. के. राव, १९५२, एक तास सहा मिनिटं वीस सेकंद. त्याच वर्षी बाप गेला आणि अण्णाची दिल्ली घराच्या पाटावरवंट्याखाली गेली. नऊ वर्षांत ती ओळ कुणी पुसली नव्हती. अण्णाच्या नावावर दुसरं होतं तरी काय? घर भाड्याचं, मूल नाही, रेल्वेच्या हपिसात वरची खुर्ची दर वेळी दुसऱ्यालाच मिळाली. आज ती ओळ पुसली जाणार होती, धाकट्या भावाच्या पायांनी.

छे, अण्णा असं करणार नाही, असं तो तिरुवल्लिकेणीत घराची पायरी येईपर्यंत स्वतःला बजावत राहिला. घरी येईल, विचारेल, आपण सांगू. त्याचीच चूक झाली असेल तर त्याच पावली रामस्वामींकडे जाईल.

अण्णा बसने तासाभराने आला. चपला काढल्या, पाय धुतले, खांबाला टेकून बसला. अंबुजाने कॉफीचा पेला पुढे ठेवला. अण्णाने पेल्यातली कॉफी खालच्या पसरट डबऱ्यात ओतली, डबऱ्यातली पेल्यात, पुन्हा डबऱ्यात. ऊन फार होतं म्हणाला. बसला गर्दी होती म्हणाला.

विचारलं मात्र नाही.

चंद्रमौळी वाट बघत राहिला. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता तो प्रश्न, ताप असतानाही अंथरुणातून विचारलेला. अण्णा कॉफी प्यायला, पेला उपडा घातला, आणि चंद्रमौळीला जे कळायचं ते कळलं. परक्याने केलं असतं तर तो भांडला असता.

शेवटी विचारलं ते त्यांच्या म्हाताऱ्या आईने, अम्माने. तिला मिनिटं-सेकंद कळत नसत, आवर्तनं कळत. "कां रे मौळी, आज कोणी पुसलंच नाही. कितीं झालीं?"

अण्णाचा हात पेल्यावर तसाच राहिला. चंद्रमौळीने त्याच्याकडे पाहिलं. अकरा पुरी व्हायच्या आत आला की दिल्ली, एवढं तिलाही ठाऊक होतं; एक शब्द, 'दहा', आणि अम्माच्या देखत सगळं उघडं पडलं असतं.

"आज मोजलीं नाहीत अम्मा," तो म्हणाला. "चुकून गेलीं."

अण्णाने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. सबंध दिवसात सगळ्यात जास्त लागलं ते तेच. थोडा तरी ओशाळेल असं वाटलं होतं; माणूस सुटल्यासारखा पाय पसरून बसला.

दुपारी अंबुजाने स्वेटर परत नेऊन दिला. "पुढच्या वर्षी न्या म्हणाले ते पेन्शनर," ती येऊन म्हणाली. चंद्रमौळीने मान हलवली.

संध्याकाळी तो सायकल घेऊन ओसरीवर बसला. शर्यतीसाठी काढून ठेवलेले मडगार्ड आणले, कॅरिअर आणलं, घंटी आणली, आणि एकेक बसवायला लागला. अण्णा दारात येऊन उभा राहिला.

"हे कसाला रे बसिवतोस? पुढचं वर्ष आहे की."

"हपिसाला जायाला अस्कं लागतं, अण्णा."

"मी सांगतों ऐक. उद्यापासून पुन्हा..."

"घड्याळ कोण धरणार?" चंद्रमौळीने विचारलं. आवाज चढवला नाही, मानही वर केली नाही. अण्णा आत गेला.

दिवेलागणीला अम्माने देवापुढे समई लावली. त्या घरात रोज स्तोत्र अण्णा सुरू करी. पहिली ओळ त्याची, दुसऱ्या ओळीला चंद्रमौळीचा आवाज मिळे, मग दोघे मिळून शेवटापर्यंत. आजही अण्णाने हात जोडले, पहिली ओळ म्हटली आणि तो थांबला.

ओसरीवरून पान्याचा आवाज येत होता. चंद्रमौळी कॅरिअरचा नट आवळत होता.

अण्णाने पुन्हा पहिली ओळ म्हटली, आणि पुन्हा थांबला.