सगळी मेमरी वाटून झाल्यावर

वाचनालयात तिला सगळे होताई म्हणायचे, कारण कुणाला 'नाही' म्हणणं तिच्या जिवावर यायचं. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला असला स्वभाव म्हणजे दुखणंच की हो!

एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात तिने चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच संगणकातले जणू चार वेगळे संगणक, थाटली होती: पुस्तकं, सभासद, हिशेब आणि मुलांसाठी गोष्टींचं थेट प्रक्षेपण. कुणीही यावं, "ताई, जरा मेमरी वाढवा ना," म्हणावं, आणि हिने लगेच वाढवून द्यावी.

आज चार वाजता गोष्ट वाचणार होते तिचे बाबा. घशाच्या ऑपरेशनने वर्षभर आवाज गेला होता, तो नुकता परत आला होता. आठवडाभर घरात तालीम चालली होती. मांजरसुद्धा कंटाळलं होतं. आणि नेमकं आजच प्रक्षेपणाचं मशीन सारखं बंद पडायला लागलं. होताईने त्याला आणखी मेमरी दिली. ते आणखी लवकर बंद पडलं. आता बोला!

ती रडकुंडीला आली होती, तेवढ्यात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरून बाबांचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"डबा ग्रंथपालांना दिला. ते आणायला विसरले होते."

"आणि तू काय हवा खाणार? अगं, स्वतःपुरतं काही ठेवत जा!"

ती उत्तर देणार, तोच तिची नजर समोरच्या आकड्यांवर गेली. चौघांना देता देता सर्व्हरची सगळीच्या सगळी मेमरी संपली होती! ज्याच्या जिवावर चौघे नांदत होते, त्याला स्वतःला काहीच उरलं नव्हतं. जीव गुदमरला की सर्व्हर सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला बंद करत होता. आणि प्रक्षेपणाला एवढं खाऊ घातलं कुणी? ह्याच शहाणीने.

तिने भराभर चौघांच्या मर्यादा खाली आणल्या आणि सर्व्हरचा वाटा आधी बाजूला काढला.

"माझी मेमरी कमी नका करू हं," हिशेबनीस दारातून म्हणाले.

"केली."

"ताई, बरं नाही का तुम्हाला?"

चार वाजता बाबा पडद्यावर आले. आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता. राक्षस शिंकला तशी मुलं खिदळली. मशीन टिकलं. होताईला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

पान उलटता उलटता बाबा थांबले. "मुलांनो, एक मिनिट हं. पोरी, जेवलीस का?"

सगळ्या वाचनालयाने ऐकलं. हिशेबनीसांनी निमूटपणे बिस्किटांचा पुडा पुढे केला. एरवी ती "राहू द्या, तुम्हीच खा," म्हणाली असती. आज तिने अख्खा पुडा ओढून घेतला.