बारीक सुई

माझा दादा काच कापतो. खिडक्यांची, आरशांची, फोटोंच्या चौकटींची. उभा जन्म हातात पट्टी, त्यामुळे मोजल्याशिवाय त्याला काही पटत नाही. पोटात पू झालाय, आजच उघडावं लागेल, असं सर्जनबाईंनी सकाळी सांगितलं, तरी हा ऑपरेशनच्या कागदावर सही करेना. म्हणे, दुखत तर फारसं नाही. पंधरा वर्षांच्या साखरेनं नसा बधिर झाल्यात म्हणून दुखत नाही, हे बाईंनी, वहिनीनं आणि मी आळीपाळीनं सांगून झालं. ऐकेल तर दादा कसला.

मी त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावर प्रयोगशाळेत आहे. रक्तात साखर वाढलेली असताना पोटात जंतू शिरले, की शरीर आतून गंजायला लागतं. या गंजाला अडवणारा साठाही शरीरात असतो, ग्लुटाथायोन वगैरे. अशा रुग्णांत तो किती उरतो, हे आम्ही दोन वर्षं मोजतोय. ते फक्त अभ्यासासाठी. या आकड्यावर कोणाचा उपचार ठरवायचा नाही आणि तो रुग्णाला सांगायचाही नाही, हे आमच्या नियमांत पहिल्याच पानावर आहे. दादाही त्या अभ्यासात होता.

त्याचं रक्त घ्यायला नर्सला न पाठवता मीच गेले. सुई पाहिली की हा सहा फुटी माणूस लहानपणापासून तोंड फिरवतो. म्हणून लहान मुलांच्या वॉर्डातून बारीक सुई मागून आणली. रक्त येईना, तसा सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, आणि त्याच सुईतून ते नळीत दाबून भरलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

"ठमे," दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझा आकडा काय येतो बघू. साठा शाबूत असेल तर औषधांवर काढतो. नसेल तर करतो सही."

तो आकडा यासाठी नसतो, एवढंच मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मलाही तो हवा होता.

एरवी प्रत्येक नळी मशीनमध्ये ठेवण्याआधी मी उजेडात धरते. त्या दिवशी डोळे घड्याळावर होते. दोन तासांनी आकडा आला, धडधाकट माणसाचा असावा तसा. जिवात जीव आला. नियम गेले खड्ड्यात, म्हणत मी फोन लावला आणि साठा भरपूर आहे म्हणून सांगून टाकलं. दादानं कागद सही न करताच परत दिला, हे मला वहिनीनं फोनवरच सांगितलं. तिचा आवाज घाबरलेला होता. मी तिलाच धीर दिला.

मग आवराआवर करताना दादाची नळी हातात आली. रक्त खाली बसल्यावर वरचं पाणी फिकट पिवळं असायला हवं. ते गुलाबी होतं.

गुलाबी म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. त्यांच्या पोटातला साठा बाहेर सांडला आणि मशीननं तोच मोजला. अशा नळ्या मी वर्षभर खरमरीत चिठ्ठ्या लावून वॉर्डात परत पाठवते.

लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढले. दादाचे ओठ सुकले होते, श्वास भराभर चालला होता. नर्स दुसऱ्यांदा त्याचा रक्तदाब बघत होती. सर्जनबाई दारातच उभ्या होत्या, कपाळाला आठ्या.

"दादा, तो आकडा खोटा आहे."

"मशीन बिघडलं?"

हो म्हटलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

"मशीन ठीक आहे. मी बिघडवलं. तुला दुखू नये म्हणून बारीक सुई घेतली, त्यात रक्त फुटलं."

"मग परत घे. परत मोज."

"दोन तास जातील. तेवढे तुझ्याकडे आहेत का, मला माहीत नाही. सही कर."

"न मोजता?"

"न मोजता. आकडा चांगला आला असता तरी सही लागलीच असती. हे मी सकाळीच सांगायला हवं होतं. मला भीती वाटत होती, दादा. आत्ताही वाटतेय."

घरात घाबरट म्हणून दादाची चेष्टा व्हायची, माझी कधीच नाही. त्यानं वहिनीकडे पेन मागितलं. पट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा माणूस, पण सही वाकडीतिकडी झाली. मग त्यानं माझ्यापुढे हात धरला.

"घे आता. जाड सुई घे."

मी जाड सुई घेतली. तो "आई गं" म्हणाला, पण या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. मीही थांबले नाही.

या वेळी नळी उजेडात धरली. पाणी पिवळं होतं. आकडा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नव्हता. मी तो वहीत लिहिला, पहिल्यावर काट मारली, आणि बाजूला लिहिलं, रक्त मी चुकीचं घेतलं. अक्षर दादाच्या सहीसारखं वाकडंतिकडं आलं.

वर ऑपरेशनच्या दाराबाहेर वहिनी बाकावर बसली होती, दादाच्या चपला मांडीवर घेऊन. दारावरचा दिवा अजून लालच होता.

"काय आलं, वन्सं?"

नियम एकदा मोडला होता, आता दुसऱ्यांदा मोडला. पण तिच्याशी खोटं बोलवेना. कमी आलंय म्हणाले, खूप कमी.

तिनं चपला घट्ट धरल्या. "पण वेळेत गेले ना ते आत?"

हे मोजायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि हो म्हणाले.