शर्टाच्या घडीतला पुठ्ठा

सासूबाई गेल्यावर अप्पांनी बोलणं सोडलं नाही, फक्त आवरतं घेतलं. "हो", "नको", "ठेव तिथे" आणि "दार लावून घे" एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा. मुलगा मालट्रकवर, आठवड्यातला बराचसा वेळ बाहेरगावी. त्यामुळे घरात दोघंच उरायचे, अप्पा आणि त्यांची सूनबाई. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. नुसती शांतता होती, आणि ती सूनबाईला पंख्याच्या आवाजासारखी ऐकू यायची.

अप्पांनी उभा जन्म पुलांच्या कचेरीत नकाशे काढले. खांब, कमानी, तुळया. स्वतः कधी एक वीटही रचली नाही, पण त्यांनी आखलेल्या रेघांवरून माणसं नदीपार जात होती. निवृत्त झाल्यावर पेन्सिली, पट्ट्या आणि गुण्ये एका पत्र्याच्या डब्यात गेले, आणि डबा पलंगाखाली.

सूनबाई लाँड्रीत होती. काउंटरच्या मागे लांबलचक टेबल, त्यावर इस्त्री होऊन आलेले शर्ट. शर्ट पालथा घालायचा, पाठीवर पांढरा पुठ्ठा ठेवायचा, बाह्या दुमडायच्या, उलटा करायचा, कॉलर बसवायची. हात आपोआप चालायचे आणि डोकं मोकळं राहायचं. त्या मोकळ्या डोक्यात तिला ओळी सुचायच्या. कविता म्हणायची तिला लाज वाटायची; ती 'ओळी'च म्हणायची. कोपरे मुडपलेले पुठ्ठे मालकीणबाई टाकून द्यायच्या, ते सूनबाई घरी आणायची. दिवसभरात सुचलेलं एखाद्यावर लिहायची, पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच मागच्या बाजूला बाजाराचं सामान लिहायची. काव्याची वाट अशी साबण आणि कांद्यांत लागायची.

एकदा तिने लिहिलं:

दोरीवर एक शर्ट सुकतोय.
वाऱ्याने भरलाय, माणसाने नाही.

खाली तिने हौसेने एक आडवी रेघ मारली होती, दोरी म्हणून. सकाळी चहा ठेवायला आली तर ती रेघ खोडलेली. तिच्या जागी पेन्सिलीने काढलेली खरी दोरी होती, मधोमध नाजूक झोळ आलेली, दोन्ही टोकांना खिळे, आणि शर्ट असा फुगलेला की आत्ता उडेल. कोपऱ्यात बारीक, एकसारख्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दोरी सरळ नसते. वजनाने लवते.'

अप्पा खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. वर्तमानपत्र कालचं होतं.

"अप्पा, हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"छान आहे."

"चहा उकळतोय," अप्पा म्हणाले.

त्या दिवशी सूनबाईने पुठ्ठ्यामागे सामान लिहिलं नाही. कांदे आणायचे राहून गेले.

मग ते रोजचंच झालं. ती संध्याकाळी दोन ओळी टेकवून ठेवायची, सकाळी त्याखाली चित्र असायचं. त्याबद्दल बोलायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण दोघंही पाळत होते. तिने लिहिलं, 'जिना रोज माझ्याबरोबर चढतो आणि मी वर आले की खालीच राहतो.' त्यावर अप्पा टेप घेऊन खरोखर जिन्यात उतरले आणि पायऱ्या मोजत बसले.

"काय अप्पा, घर विकताय की काय?" खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी विचारलं.

"नाही. जिना लिहिलाय तिनं," अप्पा म्हणाले. शेजारीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही. पण अप्पा एका दमात एवढं बोलले, ही बातमी त्यांनी संध्याकाळी सूनबाईला जिन्यातच अडवून सांगितली.

चित्रात जिना मधोमध कापल्यासारखा दिसत होता, प्रत्येक पायरी मापात, आणि मधल्या वळणावर दोन पिशव्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, दमलेल्या माणसांसारख्या. सूनबाई कितीतरी वेळ त्या पिशव्यांकडे बघत राहिली. आपण तिथे रोज थांबतो हे अप्पांना माहीत आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

पुठ्ठे साठत गेले. नवरा घरी आला की जेवता जेवता ते पत्त्यांसारखे पिसायचा. "तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे काय काय उद्योग करता!" म्हणायचा आणि त्यातला एखादा ट्रकमध्ये आरशाखाली लावायला घेऊन जायचा.

एकदा तिने एक पुठ्ठा पिशवीत टाकून लाँड्रीत नेला, इस्त्री करणाऱ्या मावशींना दाखवायला. मावशींचा हात वाफेत होता, म्हणाल्या, "ठेव गं, मग बघते." टेबलावर कोऱ्या पुठ्ठ्यांची चळत होती. सूनबाईने तो शेजारी ठेवला, तेवढ्यात काउंटरवर कोणी हाक मारली, आणि परत आली तोवर मावशींनी मदत म्हणून चार शर्ट घडी घालून बांधून टाकले होते. पुठ्ठा गायब.

ते शर्ट एका वकिलाचे होते. उंच, कपाळाला कायमची आठी, कॉलर जरा मऊ लागली तरी परत पाठवणारे. दोन दिवसांनी ते दारात दिसले तेव्हा मालकीणबाई पुटपुटल्या, "आली नोटीस." मावशी इस्त्रीमागे वाकल्या.

वकिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून तो पुठ्ठा काढला आणि काउंटरवर ठेवला. त्यावर मोठं करून काढलेलं शर्टाचं बटण होतं, चार भोकं, त्यातून ओवलेला दोरा, पुलाच्या तारांसारखा ताणलेला. वर ओळी होत्या:

बटण तुटलं तेव्हा कळलं,
इतके दिवस ते काहीतरी धरून होतं.

"हे कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं, साहेब. चुकून गेलं. म्हणजे ओळी माझ्या, चित्र सासऱ्यांचं. माफ करा, पुन्हा असं..."

"परत द्यायला आलो नाहीये," वकील घाईघाईने म्हणाले आणि पुठ्ठा पुन्हा खिशात गेला. "आमच्याकडे कपाटाच्या दाराला आतून लावायचा म्हणते बायको. मला विचारायचं होतं, की..." ते घुटमळले. कोर्टात घुटमळत नसावेत. "की आणखी असतात का?"

झालं. मालकीणबाई काही वाईट बाई नव्हत्या, पण दुकान चालवणाऱ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक शर्टात असा एक पुठ्ठा गेला पाहिजे. गिऱ्हाईक खूश झालं. मग फर्माइशी यायला लागल्या. एकाला साहेबाच्या वाढदिवसासाठी हवा होता, एकीला नव्या दुकानाच्या उद्घाटनासाठी, एकाला रुसलेल्या बायकोसाठी. "जरा गोड लिही," मालकीणबाई सांगायच्या. "दुःखी नको. लोक धुतलेले कपडे न्यायला येतात."

सूनबाई खुशीत होती. आपल्या ओळी लोक मागून नेतात ही गोष्ट काही छोटी नव्हती. ती रात्रीचं जेवण उरकून लिहायला बसू लागली, भाजी चिरताना लिहू लागली, आणि टेबलावर एकाऐवजी पुठ्ठ्यांचा ढीग टेकू लागला. साखरेच्या डब्याला तो पेलवेना. सुगंध, आनंद, उमेद, प्रकाश असले शब्द आलटूनपालटून लावले की काम होत होतं. आणि अप्पाही निमूटपणे चित्रं काढून देत होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने ढीग उचलला आणि पहिल्यांदाच नीट बघितला. सगळ्या पुठ्ठ्यांवर एकच फूल होतं. पाच पाकळ्या, दोन पानं, एक देठ. एकावरून दुसऱ्यावर गिरवलेलं, केसाचाही फरक नसलेलं.

"अप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हे काय आहे?"

"फूल."

"सगळीकडे तेच?"

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, नीट, कडेला कड लावून. "तू जसं लिहिलंस," ते म्हणाले, "तसं मी काढलं."

सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला पाठ टेकून रडली. अप्पा कधी तिला टाकून बोलले नव्हते. आणि आता बोलले ते असं, वर्मावर बोट ठेवून. रडणं ओसरल्यावर तिने हातातले पुठ्ठे डोळे पुसत वाचायला घेतले. 'नव्या दुकानी नवी उमेद, आनंदाचा सुगंध.' हे दुकान बुटांचं होतं. बुटांच्या दुकानात सुगंध! तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. बाहेर अप्पा खुर्चीत अवघडून बसले होते. आतून आधी रडणं आणि मग हसणं ऐकून त्यांना काय करावं ते सुचेना. शेवटी ते उठले, दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पाणी देऊ?"

"द्या," ती म्हणाली. त्यांनी माठातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून आणून दिला, जणू पेला काठोकाठ भरलेला आहे. होता अर्धाच.

दुसऱ्या दिवशी तिने मालकीणबाईंना सांगून टाकलं, की आता फर्माइशीच्या ओळी लिहिणार नाही.

"मग गिऱ्हाइकांना मी काय सांगू?" मालकीणबाई वैतागल्या.

"सांगा, छापखाना बंद पडला."

मालकीणबाई दोन दिवस फुगून बसल्या. मग त्यांनी खरोखरच्या छापखान्यातून गुलाबाचं चित्र आणि 'पुन्हा या' असं छापलेले पुठ्ठे आणवले, आणि ते इतके गुळगुळीत निघाले की त्यांचा राग गेला. वकील मात्र येताजाता सूनबाईकडे आशेने बघायचे. तिने त्यांना स्पष्ट सांगितलं, "साहेब, सुचलं आणि घरी आवडलं तर एखादा देईन. न सुचलं तर नुसती कॉलर कडक करून देईन." वकील म्हणाले, "चालेल," आणि त्यांच्या कपाळावरची आठी क्षणभर कुठेतरी गेली.

सूनबाईला मात्र पुढे कितीतरी दिवस एकही ओळ सुचली नाही. शर्ट पालथा, पुठ्ठा, बाह्या, कॉलर. डोकं मोकळं होतं, पण रिकामं. साखरेच्या डब्यापाशी ती रोज एक कोरा पुठ्ठा टेकवून ठेवायची आणि सकाळी तो कोराच असायचा. अप्पा विचारायचे नाहीत. त्यांनी पेन्सिलीला टोक मात्र रोज करून ठेवलेलं असायचं.

मग एका संध्याकाळी ती कामावरून आली, बटाटे चिरून कढईत टाकले आणि टेबलाकडे वळली, तर पुठ्ठा कोरा नव्हता. वरच्या बाजूला, नकाशाच्या कोपऱ्यात घालतात तशा एकसारख्या अक्षरांत दोन ओळी होत्या:

घरात दोन चष्मे आहेत.
एक बघतो. एक नुसता असतो.

खालची जागा मोकळी सोडली होती. पेन्सिल शेजारी.

सासूबाईंचा चष्मा अप्पांच्या उशीशी असतो, हे तिला ठाऊक होतं. रोज झाडताना ती तो उचलायची आणि जिथल्या तिथे ठेवायची. त्याबद्दल या घरात कोणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"चित्र तू काढ," अप्पा खिडकीपाशी बसूनच म्हणाले.

"मला कुठे येतं अप्पा! मी साधी दोरी काढली तर तुम्ही खोडलीत."

"तरी काढ."

तिने काढलं. आधी अप्पांचा चष्मा, तो बराच जमला. मग सासूबाईंचा. एक काच मोठी झाली, दुसरी तिच्या मानाने बारकी, आणि एक दांडी अशी काही वर गेली की चष्मा सगळा एका अंगाला कलला. ती खोडरबर शोधू लागली. तोवर अप्पा मागे येऊन उभे राहिले होते.

"थांबा, नीट करते. तिरका झालाय."

"राहू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उजेडाकडे धरला. "तो तिरकाच होता. बसली होती ती त्याच्यावर."

"कोण, आई?"

"मग कोण. एकदा आम्ही बसने निघालो होतो. चष्मा ठेवला सीटवर, आणि सगळ्या बसमध्ये शोधतेय. कंडक्टरला उठवलं, पुढच्या बाईला उठवलं, माझे खिसे तपासले. स्वतः काही उठेना." अप्पा खुर्ची ओढून बसले. त्यांच्या खांद्यांना बारीक हिसके बसत होते, आणि ते हसतायत हे कळायला सूनबाईला थोडा वेळ लागला. डोळे भरले होते, पण हसतच होते. "आणि माझ्यावरच चिडलेली. म्हणे, तुमचं लक्ष कुठे असतं?"

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"बटाटे लागले वाटतं," अप्पा म्हणाले.

"लागू द्या," सूनबाई म्हणाली आणि त्यांच्यासमोर बसली. "मग? उठल्या कशा?"