भरलेली पाठ

"बघा की हात लावून. मेंढीला बघता तसं बघा," म्हणत बानूबाईने खाटेवर बसल्या बसल्या नवऱ्याकडे पाठ केली.

जानकू तंबाखू मळत राहिला. मळून कधीच झाली होती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

खोडदच्या आसपास जानकूचा हात नावाजलेला होता. मेंढीच्या कण्यावर पंजा टेकवला की ती वाट चालेल की अर्ध्यातच बसेल, हे तो सांगायचा. पाठ मांसाने भरलेली असली तर हात क्षणभरही रेंगाळायचा नाही. एक थाप, की मेंढी मोकळी. हात रेंगाळला की बानूबाई समजायची आणि ती मेंढी घरी ठेवायच्या कळपात ढकलायची. दिवाळी झाली की दोघं मेंढरं, घोडं आणि चार भांडी घेऊन निघत. आधी निमगाव सावा, मग कळंब, जो शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावील तिकडे. चाळीस वर्षांत एकही साल चुकलं नव्हतं.

यंदा आषाढात बानूबाई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. तीन महिने खाटेवर गेले आणि बाई निम्मी झाली.

"आबा, आई संगं आसंल तर जावा," मंचरला गाडीवर ड्रायव्हर असलेल्या मच्छिंद्रने बापाला सांगून टाकलं होतं. "एकट्यानं न्हाई जायाचं. कुठं पडलात तर कोन बघंल? न्हाईतर पाडव्यानंतर मेंढरं इकून टाकू." पोराच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

नववीतल्या नातीने, राजनंदिनीने, मध्यंतरी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला होता. गावाशेजारी दुर्बिणीच्या भल्यामोठ्या डिशा उभ्या असल्यामुळे इथल्या पोरांना आभाळाशिवाय दुसरा विषयच सापडत नाही. तिने तो आधी आजीला वाचून दाखवला.

"आज्जी, अंतराळात वजनच लागत न्हाई. मंग हाडांना वाटतं, आता आपलं काय काम? ती इरळ व्हत्यात, मांस झिजतं. म्हनून ती मान्सं पट्टे बांधून रोज पळत्यात, वजन वढत्यात."

"आन् म्हातारपनी?"

"तसंच, पन हळूहळू. खाटंवर पडून ऱ्हायलं की लगीच."

"म्हंजी तीन म्हयने मी आभाळातच व्हते की!" बानूबाई हसली. "लई जपलं मला समद्यांनी. तांब्यासुदिक उचलू दिला न्हाई."

जानकू खजील झाला. तांब्या हातातून काढून घेणारा तोच होता.

त्या दिवसापासून बानूबाईने मनावर घेतलं. पायाला वजन बांधून उचला, असं दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतंच. आता वजन कुठून आणायचं? तिने मिठाचा किलोचा पुडा जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळून घोट्याला बांधला. दिवसातून तीनदा, वीस वीस वेळा. घाम पुसायची, दात आवळायची, आणि मोजताना चुकली की पुन्हा एकपासून सुरू करायची. वॉकर धरून फाटकापर्यंत जायला लागली. जानकूला आशा वाटू लागली आणि त्या आशेचीच भीतीही वाटू लागली.

आज दिवाळीचा पाडवा होता. संध्याकाळी मच्छिंद्र घरी येणार होता.

"लावताय न्हवं हात?"

जानकूने तंबाखू तशीच चंचीत टाकली आणि तळवा तिच्या पाठीवर ठेवला. चोळीच्या कापडाखालून मणका न् मणका बोटांना लागला. याच पाठीवर बोचकं आणि दोन्ही काखांत कोकरं घेऊन ती घाट चढायची. अशा पाठीची मेंढी त्याने कधीच सोबत नेली नव्हती.

"भरलीय की," तो म्हणाला. "चांगली भरलीय."

"भरली आसती तर हात कवाच निघाला आसता," ती म्हणाली.

हात अजून तिथेच होता. त्याने तो ओढून घेतला.

"आगं, आजून म्हयनाभर..."

"नगं. वाटंत बसल्याली मेंढी मालकाचं लई हाल करती. मच्छिंद्राला सांगा, येपारी बोलाव म्हनावं."

जानकूला रडू येत होतं, आणि बायकोसमोर रडायची सवय नव्हती. तो तिच्या घोट्याच्या गाठीकडे बघत राहिला.

"मंग ह्यो पुडा सोडू?"

"सोडू नगा. दुसऱ्या पायाला बी बांधा. मेंढरं गेली तरी मोरीपातूर मला माझ्या पायानं जायाचंय."

त्याने घरातून मिठाचा दुसरा पुडा आणला. गुडघे कुरकुरत होते. खाटेच्या माच्याला धरून तो कसाबसा तिच्या पायाशी बसला आणि वाकून पट्टीची गाठ मारू लागला. गाठ दोनदा सुटली.

तेवढ्यात त्याच्या वाकलेल्या पाठीवर बानूबाईचा हात आला. चाळीस वर्षं तीही त्याच मेंढरांत वावरली होती. बोटं सदऱ्याखालच्या मणक्या न् मणक्यावरून एकदाच फिरली.

"तुमची लई भरलीय," ती म्हणाली, आणि एक थाप मारून तिने हात लगेच काढून घेतला.